रस्त्यावर पडलेल्या माणसाचं काय झालं?

गेल्या महिन्यात एका रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपल्या युवक मंडळाची चार-पाच मुले गप्पा मारत उभी होती. 'आय नो व्हॉट यू डिड लास्ट समर' या इंग्रजी चित्रपटाचा नवा भाग २०२५ साली आला, तेव्हा मुलांना जुन्याची आठवण झाली आणि १९९७ सालचा तो मूळ चित्रपट त्यांनी एकाच्या घरी बसून पाहिला. आता कोण कसा मेला याचे वर्णन चालले होते. एकजण पोटात आकडा कसा घुसतो ते हातवारे करून दाखवत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते.

शेजारीच एक मावशी चहाचे कप गोळा करत होत्या. त्यांनी सहज विचारले, "गोष्ट काय आहे रे त्याची?" मुलांनी सांगितली. चार तरुण मुले रात्री गाडीने जाताना एका माणसाला उडवतात. पोलिसांना न कळवता त्याला पाण्यात टाकून देतात. वर्षभराने कोणीतरी त्यांच्या मागे लागतो आणि एकेकाला मारू लागतो.

"आणि रस्त्यावर पडलेल्या त्या माणसाचं काय झालं?" मावशी म्हणाल्या.

"तोच तर खुनी निघतो, मावशी!" पुन्हा हशा पिकला. मावशी कप घेऊन आत गेल्या.

मावशींचा धाकटा मुलगा काही वर्षांपूर्वी आळंदी रस्त्यावर रात्री एका गाडीच्या धडकेत गेला. गाडी थांबली नाही, आणि ती कोणाची होती हे आजवर कळलेले नाही. हे आम्ही त्यांना विचारूनच लिहीत आहोत. मुलांना यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर ती हसली नसती, याबद्दल आम्हाला शंका नाही. ती चांगली मुले आहेत, त्यांतला एक तर मिस्साला पहिले वाचन आमच्यापेक्षा स्पष्ट करतो. पण तेव्हापासून एक प्रश्न आम्हाला सोडत नाही. ठाऊक नव्हते, एवढ्यावर ते हसणे निर्दोष ठरते का?

ज्येष्ठ वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. या प्रकारच्या चित्रपटांना 'स्लॅशर' म्हणतात. पाच-सहा तरुण मुले-मुली, एक मुखवटेवाला, हातात सुरा किंवा कुऱ्हाड, आणि एकेकाचा क्रमाने बळी. १९७८ सालच्या 'हॅलोविन'ने या लाटेला जोर आला, १९८० च्या 'फ्रायडे द थर्टीन्थ'ने तिचा कारखाना झाला. त्याच वर्षी जीन सिस्केल आणि रॉजर ईबर्ट या अमेरिकेतल्या दोन नामवंत समीक्षकांनी आपल्या दूरदर्शन कार्यक्रमाचा एक अख्खा भाग अशा चित्रपटांच्या निषेधाला दिला. भयपटाला त्यांचा विरोध नव्हता. 'हॅलोविन'चे तर त्यांनी कौतुक केले. त्यांची तक्रार अशी की, या नव्या चित्रपटांत कॅमेरा खुन्याच्या डोळ्यांतून पाहतो. भेदरलेल्या मुलीसोबत धावण्याऐवजी प्रेक्षक तिचा पाठलाग करू लागतो. प्रेक्षकांनी अर्थातच हे मनावर घेतले नाही. 'फ्रायडे'चे भागावर भाग निघत राहिले.

मुलांनी पाहिलेल्या चित्रपटाचेही तेच झाले. बऱ्याच समीक्षकांनी नाके मुरडली, ईबर्ट यांनी तर त्याला एकच तारा दिला. तिकीटबारीवर मात्र तो जोरात चालला. आपल्याकडे २००३ साली 'कुछ तो है' आणि 'धुंद' हे दोन हिंदी चित्रपट त्याच कथेवर बेतून निघाले.

मूळ कथा होती लुईस डंकन या लेखिकेची, किशोरांसाठी १९७३ साली लिहिलेली कादंबरी. तिच्यात आकडा नाही की कोळ्याच्या वेषातला खुनी नाही. गाडीखाली येतो तो सायकलवरचा एक लहान मुलगा, आणि त्याच्याखेरीज कोणीही मरत नाही. सगळी गोष्ट त्या चौघांच्या मनावरच्या ओझ्याची आहे. पुढे १९८९ साली डंकनबाईंच्या अठरा वर्षांच्या धाकट्या मुलीला गाडी चालवत असताना कोणीतरी गोळ्या घालून ठार केले. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्याच पुस्तकावरचा हा चित्रपट आला. तो पाहून त्यांना धक्का बसला. ज्या आईच्या मुलीचा खून झाला आहे तिला माणसाचे असे मरण किंचाळून खिदळण्याची गोष्ट वाटू शकत नाही, अशा अर्थाचे त्या बोलल्या. बाई २०१६ साली वारल्या.

डंकनबाईंची ही हकिगत आम्ही मुलांना सांगितली तेव्हा ती गप्प झाली. मग एकाने विचारले, "पण ते खरं थोडंच असतं? सगळ्यांना माहीत असतं, लाल रंग आहे म्हणून." त्याचे चुकले नाही. आमच्यापैकी जे नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत वाढले, त्यांना आजीने मुंजाच्या आणि हडळीच्या गोष्टी सांगून रात्र रात्र जागवले आहे. ती भीती आम्हाला हवीहवीशी वाटे. घाबरल्यावर सुटका म्हणून हसू येते, हेही आम्हाला ठाऊक आहे. असला चित्रपट पाहिल्याने कोणी खुनी होत नाही, आणि तसा आरडाओरडा आम्हाला इथे करायचा नाही.

आमचे म्हणणे वेगळे आहे, आणि ते सांगायला पुण्यातलाच दाखला आहे. विश्रांतवाडीतून येरवड्याचे कारागृह किती दूर आहे ते आपल्याला सांगायला नको. २७ नोव्हेंबर १९८३ रोजी तिथे चार तरुणांना फाशी दिली गेली. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात या कलेच्या विद्यार्थ्यांनी पुण्यात दहा माणसे मारली होती. त्या हिवाळ्यात दिवेलागणीलाच दारांना कड्या लागत, हे आपल्यातले वडीलधारे अजून सांगतात. या प्रकरणावर १९८६ साली राजदत्त यांचा 'माफीचा साक्षीदार' आला, नाना पाटेकर त्यात होते. त्याच घटनांचा धागा घेऊन अनुराग कश्यप यांनी पुढे 'पाँच' केला. त्यातली हिंसा आणि नशापान यांवरून तो सेन्सॉर मंडळाकडे अडकला आणि वीस वर्षांहून अधिक काळ चित्रपटगृहात लागलाच नाही.

खटल्याला जोशी-अभ्यंकर हे मृतांचेच नाव मिळाले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. पण कोणाही पुणेकराला विचारून पाहा, तो मारेकऱ्यांची नावे सांगेल, नायलॉनच्या दोरीची गाठ सांगेल. काशिनाथशास्त्री अभ्यंकर कोण होते हे फार थोडे सांगतील. ते संस्कृत व्याकरणाचे मोठे पंडित होते. त्यांनी रचलेला व्याकरणाचा कोश अभ्यासक अजून उघडतात. नव्वदीच्या उंबरठ्यावरचा तो वृद्ध त्या रात्री घरच्यांसह मारला गेला. चित्रपट नव्हते तिथेही आपण आपल्या आठवणीचा कॅमेरा मारेकऱ्यांच्याच हाती दिला. म्हणून त्या चौघांची नावे आम्ही इथे घेतलेली नाहीत.

आणि हे जुनेच आहे असे कोणी समजू नये. मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या भरधाव पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. त्याला जामिनासाठी तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला, त्यावरचे विनोद आपण सर्वांनीच एकमेकांना पाठवले. आम्हीही पाठवले. त्या दोघांची नावे त्यातल्या किती जणांना आठवतात?

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मनिवेदनात आपला मित्र आलिपियस याची हकिगत लिहिली आहे. रोममध्ये कायदा शिकणाऱ्या या तरुणाला माणसांच्या झुंजींचा तिटकारा होता. मित्रांनी त्याला ओढून आखाड्यात नेले. तो म्हणाला, शरीर न्याल, डोळे उघडायला कसे लावाल? आणि डोळे मिटून बसला. कोणीतरी जखमी होऊन पडला, गर्दीने आरोळी ठोकली, आणि त्याने डोळे उघडले. मग ते मिटवेनात. पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागला. आपण सहसा या गोष्टीत रक्ताकडे पाहतो. पण आलिपियसला रक्त दिसायच्या आधी गर्दीची आरोळी ऐकू आली होती. एकटा असता तर कदाचित त्याने डोळे उघडले नसते. त्या दिवशी आवारातली मुलेही एकेकटी असती तर इतकी हसली असती, असे आम्हाला वाटत नाही. म्हणून हसणाऱ्यांमध्ये आपला आवाज मिसळणे ही आम्हाला लहान गोष्ट वाटत नाही, पडद्यावरचे रक्त रंगाचे असले तरी.

"मग 'पॅशन' चालतो का?" हा प्रश्न पहिले वाचन करणाऱ्यानेच विचारला. मेल गिब्सन यांचा २००४ सालचा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी प्रायश्चित्तकाळात पाहिला आहे. पाश्चात्त्य देशांत काही समीक्षकांनी त्यातल्या रक्तपाताला स्लॅशरच्याच पंक्तीत बसवले होते. आम्हाला पटकन उत्तर सुचले नाही. नंतर एक प्रसंग आठवला. फटक्यांनंतर पवित्र मरिया गुडघे टेकून फरशीवरचे आपल्या पुत्राचे रक्त कापडाने टिपून घेते. तिथे कॅमेरा आईजवळ थांबतो. हे उत्तर पुरेसे आहे का, हे आम्ही ठामपणे सांगू शकत नाही. कारण तो पाहून बाहेर पडल्यावर चाबकांच्या टोकाला काय लावले होते, याचीच चर्चा आपल्यातल्या काहींनी रिक्षात बसेपर्यंत केली होती.

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर युवक मंडळ याच विषयावर बसणार आहे, पालकांनीही यावे. चित्रपट दाखवला जाणार नाही. मुलांनी स्वतः जाऊन मावशींना बोलावले आहे. त्यांनी अजून येते म्हटलेले नाही, पण मुलांना घरात बसवून चहा दिला आणि धाकट्याचा फोटो दाखवला.