मालफंक्शन ५४

अमेरिकेत टेक्सास राज्यातल्या टायलर गावी कर्करोगावर उपचार करणारं एक केंद्र होतं. तिथे कॅनडातल्या एईसीएल कंपनीचं थेरॅक-२५ हे यंत्र होतं. ते गरजेप्रमाणे क्ष-किरण सोडायचं किंवा इलेक्ट्रॉनचा झोत. काय सोडायचं हे बाहेर बसलेल्या तंत्रज्ञ बाई एक अक्षर टाइप करून सांगत: ‘एक्स’ किंवा ‘ई’. रोजचंच काम, त्यामुळे बोटं कीबोर्डवर भराभर चालत.

२१ मार्च १९८६ रोजी बाईंनी हाताच्या सवयीने ‘एक्स’ दाबलं. रुग्णाला द्यायचे होते इलेक्ट्रॉन. चूक लगेच ध्यानात आली. वरच्या बाणाचं बटण दाबत त्या मागे गेल्या, ‘एक्स’चा ‘ई’ केला आणि बाकीचे आकडे बरोबर होते म्हणून एंटर मारत खाली आल्या. यंत्र तयार असल्याचं पडद्यावर दिसलं. त्यांनी झोत सोडला. यंत्र थबकलं आणि अक्षरं उमटली: ‘मालफंक्शन ५४’. मात्रा कमी गेल्याचं पडदा सांगत होता. असे संदेश अंगवळणी पडलेले, म्हणून त्यांनी ‘पी’ दाबून काम पुढे सुरू केलं. आत रुग्णाला विजेचा जबर झटका बसल्यासारखं झालं होतं. नेमका त्या दिवशी आतला कॅमेरा आणि इंटरकॉम, दोन्ही बंद होते.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे इंजिनिअर आले. दिवसभर यंत्र चालवून पाहिलं, पण ५४ काही उमटेना. या यंत्रातून जादा मात्रा जाणं शक्यच नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. विजेचा दोष असावा म्हणून बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी झाली, त्यातही काही निघालं नाही. ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. चारच दिवसांनी त्याच बाईंनी दुसऱ्या रुग्णासाठी तशीच दुरुस्ती केली आणि पुन्हा ५४ आला. हा रुग्ण तीन आठवड्यांत दगावला, पहिला पाच महिन्यांनी.

५४ येतो एवढं सर्वांना ठाऊक होतं. काय केल्यावर येतो, हे कोणालाच सांगता येत नव्हतं.

केंद्रातले भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी यंत्र तत्काळ बंद ठेवलं आणि कंपनीला कळवलं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. बाईंना आपण काय काय केलं ते नीट आठवत होतं. दोघं मिळून तेच पुन्हा पुन्हा करू लागले: ‘एक्स’, वरचा बाण, ‘ई’, एंटर, एंटर. अखेर मेख सापडली. सावकाश केलं तर सगळं सुरळीत. बाईंच्या रोजच्या झपाट्याने केलं की ५४ हजर! हेगरना तो वेग साधायला सराव करावा लागला, पण मग तो बिघाड हवा तेव्हा काढून दाखवता येऊ लागला.

कंपनीतल्या इंजिनिअरने तीच बटणं दाबून पाहिली. काहीच झालं नाही. हेगरनी सांगितलं, भराभर दाबायला हवीत. मग कंपनीतही ५४ उमटला. मात्रा मोजली तर ती २५,००० रॅडच्या घरात निघाली. पहिल्या रुग्णाला द्यायचे होते १८० रॅड.

दोष प्रोग्रॅममध्ये होता. यंत्रातली चुंबकं जागेवर बसायला सुमारे ८ सेकंद लागत. तेवढ्या वेळात कोणी अक्षर बदललं, तर पडद्यावर ते बदललेलं दिसे, पण प्रोग्रॅमला त्याचा पत्ताच नसे. १५ एप्रिलला कंपनीने तात्पुरता उपाय कळवला: वरच्या बाणाच्या बटणाची टोपी काढून टाका आणि खाली चिकटपट्टी लावा.

सॉफ्टवेअरमधला बिघाड कळवताना आपण बहुधा ‘चालत नाही’ एवढंच लिहितो. फार तर एखादा स्क्रीनशॉट जोडतो आणि आपल्या मते काय बिघडलंय ते सांगतो. आधी काय केलं, मग काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, पडद्यावरचा मजकूर जसाच्या तसा काय होता आणि पुन्हा केल्यावर पुन्हा होतं का, हे मात्र राहून जातं. चुकून दाबलेलं अक्षर खोडून दुसरं लिहिलं, हे तर कोणी सांगत नाही. त्यात काय सांगायचं, असं वाटतं. टायलरमध्ये सगळं नेमकं तिथेच अडलं होतं. हाताचा वेग हा तक्रारीत लिहायचा मुद्दा आहे, असं कोणाच्या मनात आलं असतं?

तात्पर्य: बिघाड कळवताना निदान करत बसू नये, केलेली प्रत्येक गोष्ट क्रमाने सांगावी, क्षुल्लक वाटली तरी गाळू नये. आणि तक्रार ऐकणाऱ्याने ‘आमच्याकडे तर होत नाही’ म्हणून फाइल मिटण्याआधी विचारावं, ‘तुम्ही कसं करता, ते जरा करून दाखवता का?’