आर्पाचाईच्या काठावरचा प्रश्न

१८६५च्या उन्हाळ्यात चेचन्यातली सुमारे ५,००० कुटुंबे घरदार विकून, बैलगाड्या जुंपून तुर्कस्तानच्या वाटेला लागली. माणसे २३ हजारांच्या घरात होती. रशियाशी लढणाऱ्या इमाम शामिलचे राज्य १८५९ मध्ये बुडाले होते, सुपीक जमिनी कोसॅक वसाहतींच्या घशात जात होत्या आणि मुसलमानाने परधर्मीयाच्या राज्यात राहणे पाप आहे, असे गावोगाव कानांवर पडत होते. या हिजरतीचा, म्हणजे धर्मासाठी केलेल्या स्थलांतराचा, पुढारी मूसा कुंदुखोव खुद्द झारच्या सैन्यातला जनरल, वंशाने ओसेत आणि धर्माने मुसलमान. तेरेक प्रांताचा कारभारी लोरिस-मेलिकोव्ह याला डोंगरातली ही बंडखोर प्रजा आपल्या पायांनी निघून गेली तर हवीच होती. तुर्की सुलतानालाही ओसाड मुलूख वसवायला माणसे हवी होती. हाक धर्माची, पण तिच्यामागे दोन दरबारांचे गणित पक्के बसलेले.

खलिफाच्या, म्हणजे या सुलतानाच्या, राज्यात पोचल्यावर त्यांना सरहद्दीपासून दूर, सीरियाच्या वाळवंटाकडे रास अल-ऐनला हाकलण्यात आले. उपासमार आणि रोगराईने माणसे पटापट मेली. त्याच वर्षी हजारो जण उलटे फिरले आणि आर्पाचाई नदीपाशी, रशियाच्या हद्दीवर येऊन थडकले. पलीकडून रशियन शिपाई घेईनात, अलीकडून तुर्की शिपाई मागे रेटू लागले. परत घ्या, वाटल्यास ख्रिस्ती होतो, अशी विनवणीही काहींनी केल्याचे उल्लेख सापडतात. धर्म वाचवायला घर सोडलेली माणसे घरासाठी धर्म सोडायला निघाली होती. मग त्यांनी आधी वाचवले होते ते नेमके काय?

या प्रश्नाने अबुझार आयदामिरोव या चेचेन लेखकाला आयुष्यभर धरून ठेवले.

आयदामिरोवचा जन्म १९२९चा. गाव मेस्केती, दागेस्तानच्या सीमेलगतच्या नोझाय-युर्त भागातले डोंगरी खेडे. २३ फेब्रुवारी १९४४ रोजी स्टालिनच्या हुकमावरून अख्ख्या चेचेन आणि इंगुश समाजाला गुरांच्या डब्यांत कोंबून मध्य आशियात हद्दपार करण्यात आले, तेव्हा तो पोरसवदा होता. त्या गाड्यांत मेलेल्यांना नीट माती देता येत नसे. थांब्यावर प्रेते रुळांकडेच्या बर्फात टाकावी लागत, म्हणून घरचे ती लपवून ठेवत. मागे राहिलेल्या गावांत कबरींवरचे कोरीव दगड उपटून बांधकामाला आणि रस्त्यांना वापरले गेले. परतीची वाट १९५७ साली खुली झाली. तेरा वर्षे ज्या पिढीच्या हाती ना मशीद होती, ना मातृभाषेची शाळा, ना पूर्वजांच्या कबरी, त्या पिढीचे मुसलमानपण आणि चेचेनपण टिकले कशात? टिकले ते घरातल्या वागण्यात. वडीलधारे आत आले की उठून उभे राहायचे. दारी आलेल्या पाहुण्याला, तो वैऱ्याच्या गोतातला असला तरी, आसरा द्यायचा. मयताच्या घरी सगळ्या गावाने जमायचे. बाईने डोक्यावरचा रुमाल भांडणाऱ्या पुरुषांमध्ये टाकला, की उपसलेला खंजीर म्यानात घालायचा.

परतल्यावर आयदामिरोव मेस्केतीच्या शाळेत मास्तर झाला. १९७२ मध्ये त्याची ‘लांबलेल्या रात्री’ ही कादंबरी चेचेन भाषेत निघाली, आणि तिचा मोठा भाग त्या १८६५च्या स्थलांतराचा आहे. सोव्हिएत अधिकाऱ्यांना ती मानवली नाही. पुस्तक दाबले गेले आणि पेरेस्त्रोइकानंतरच मोकळे झाले. झारच्या अत्याचारांवर लिहायला एरवी आडकाठी नसे. पण हद्दपारी नुकती भोगलेल्या वाचकाला शंभर वर्षांपूर्वीच्या बैलगाड्यांत काय दिसेल, हे पक्षाच्या माणसांनाही कळत होते. पुढे या कादंबरीची त्रयी झाली. दुसऱ्या भागात रशियाविरुद्धच्या १८७७च्या उठावाचा तरुण नेता अलिबेक हाजी येतो. त्याचे गाव सिम्सिर आयदामिरोवच्याच परिसरातले. १८७८ मध्ये रशियनांनी त्याला ग्रोझ्नीत फासावर दिले.

अलिबेकच्या आधी याच मुलखात एका मेंढपाळ सूफीने उलटी वाट सांगितली होती. कुंता हाजी किशीएव शामिलचे युद्ध चालू असतानाच म्हणू लागला की रक्तपात पुरे, हा समाज असाच लढत राहिला तर उरणारच नाही. त्याच्या कादिरी पंथाच्या मुरिदांचा, म्हणजे शिष्यांचा, गोल फेर धरून मोठ्याने केलेला झिक्र, म्हणजे अल्लाचे नामस्मरण, शामिललाही खपला नाही आणि झारलाही. ३ जानेवारी १८६४ रोजी कुंता हाजीला पकडले. त्याच्या सुटकेसाठी शाली गावापाशी जमलेले मुरिद रशियन बंदुकांवर नुसते खंजीर घेऊन चालून गेले आणि दीडशेहून अधिक मारले गेले. गुरू तीन वर्षांनी नॉव्हगोरोड प्रांतात कैदेत वारला. त्याच्या नावावर सांगितली जाणारी एक शिकवण चेचेन घरांत आजही ऐकू येते. तिचा मथितार्थ असा: चर्चमध्ये उभे राहायला लावले तर राहा, ती शेवटी इमारत आहे, पण भाषा, रीत आणि बायकांची अब्रू यांवर हात पडला तर मात्र मागे हटू नका.

एखाद्या मौलवीला यात पाखंड दिसेल. धर्माची बाह्य चिन्हे सोडता येतात आणि रीत सोडता येत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते? शामिलने तर ‘आदत’, म्हणजे वाडवडिलांचा रिवाज, मोडून त्या जागी शरियत आणण्यासाठी पंचवीस वर्षे खर्ची घातली होती. खुनाच्या सुडासारख्या रिवाजांनी वंशच्या वंश संपत, हे त्याचे म्हणणे खोटेही नव्हते. रिवाजाचा कैवार घेणाऱ्यांनी हा भाग गिळून टाकू नये. पण शरियतीच्या नावाने आर्पाचाईपर्यंत नेऊन सोडलेल्यांचे काय, याचे उत्तर शरियतीच्या कैवाऱ्यांकडेही नाही. आपल्याकडे १९२०च्या हिजरत चळवळीत सिंध आणि सरहद्द प्रांतातून हजारो मुसलमान घरे विकून अफगाणिस्तानकडे निघाले. तिथल्या अमीराने दार लावून घेतले आणि ते नागवले जाऊन परतले. निदान त्यांना परतता तरी आले.

आयदामिरोवने या वादात शास्त्रार्थ केला नाही. चेचेन-इंगुश इतिहासाची सालवार जंत्री तयार केली, चेचेनमध्ये लिहिणे सोडले नाही आणि मेस्केतीही सोडली नाही. १९९२ मध्ये इच्केरियाच्या, म्हणजे रशियातून फुटू पाहणाऱ्या चेचन्याच्या, बंडखोर प्रजासत्ताकाला राष्ट्रगीत हवे होते, तेही त्यानेच लिहिले. दोन वर्षांत युद्ध आले. ग्रोझ्नीतले मोठे ग्रंथालय आणि सरकारी दफ्तरखाना बाँबवर्षावात जळाला. शतकाभराची कागदपत्रे गेली. त्याच काळात बाहेरून आलेले कडवे प्रचारक सांगू लागले की पीरांच्या कबरींवर जाणे, फेर धरून झिक्र करणे हे इस्लाम नव्हेच. शामिल आणि कुंता हाजी यांच्यातले भांडण नव्या हत्यारांनिशी पुन्हा उभे राहिले. २००५ मध्ये आयदामिरोव वारला तेव्हा ते मिटलेले नव्हते.

गंमत अशी, की हिजरत करून गेलेल्या चेचेनांपैकी काही घराणी पुढे आजच्या जॉर्डनमध्ये पोचली आणि विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी झरका गाव वसवले. भोवती बहुतेक अरब, बहुतेक मुसलमान, म्हणजे पूर्वजांना हवा होता तसाच शेजार. धर्म टिकवण्याची चिंता तिथे कोणालाच नव्हती. तरीही या घरांनी पिढ्यानपिढ्या पोरांना चेचेन बोलायला शिकवले आणि वडीलधारे आत आल्यावर उठून उभे राहायलाही.