मूळ रूप कोणते?

एखादी जुनी वस्तू पूर्ववत करायची म्हणजे नेमकी कोणत्या पूर्वीसारखी करायची, हा प्रश्न वरवर पाहता मिस्त्रीचा आहे. आमच्या घरात मात्र तो गेले वर्षभर दस्तरखानावर येऊन बसला आहे. तीन भाऊ, एक अम्मी आणि एक सायकल, असा हा मामला आहे. सायकलीसाठी एवढा खल कशाला, असे वाचकांना वाटेल. आम्हालाही आधी तसेच वाटत होते.

सायकल रॅलेची आहे, इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या कारखान्यात बनलेली. स्वातंत्र्यानंतर आसनसोलला निघालेली सेन-रॅले ती ही नव्हे. मागच्या चाकात स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा गिअर आहे. त्या कंपनीची एक चांगली पद्धत होती. चाकाच्या तुंब्यावर ती महिना आणि साल ठोकून ठेवीत असे. आमच्या तुंब्यावर 52 आणि 7 हे आकडे आहेत, म्हणजे जुलै 1952. पुढच्या चाकाच्या मधोमध दिव्याचा डायनेमो आहे. त्या काळी आपल्याकडे दिसत त्या बहुतांशी बिनगिअरच्या सायकली, म्हणून जुन्या वस्तूंच्या शौकिनांना ही दुर्मीळ वाटते. राजूरच्या कोळसा खाणीतला एक साहेब नोकरी सोडून जाताना ती विकून गेला आणि आमच्या दादांनी हप्त्याने घेतली. (मराठीत दादा म्हणजे थोरला भाऊ, आमच्या घरात दादा म्हणजे आजोबा. शाळेत हा घोटाळा आम्ही कितीदा निस्तरला आहे.) खाणी तेव्हा खाजगी मालकांच्या होत्या. 1973 साली त्या सरकारजमा झाल्या, 1975 साली वेस्टर्न कोलफिल्ड्स आली. मालक बदलले, दादांची सायकल तीच राहिली.

तीच राहिली असे आम्ही म्हणतो खरे, पण इथेच मेख आहे. वणीच्या बाजारातून धान्याची पोती आणताना खालची नळी तडकली, तेव्हा दादांच्या एका सोबत्याने तिला वेल्डिंग मारले. ते बोटभर जाड, ओबडधोबड आहे. मूळ कॅरिअर काढून लोखंडी सळ्यांचे रुंद कॅरिअर बसवले, कारण दादीला दवाखान्यात न्यायचे होते. पुढे त्याच कॅरिअरवर अब्बा शाळेत गेले आणि आम्हीही. काळा रंग उडाला तेव्हा दुकानात शिल्लक होता तो हिरवा लावला गेला. राजुरात एकीकडे कोळशाची काळी धूळ आणि दुसरीकडे चुनाभट्ट्यांची पांढरी. या दोन्हींचे थर चेनकव्हरच्या सांदीत अजून सापडतात.

धाकट्याने नागपूरहून एका जाणकाराला आणले. त्याने खडू घेऊन खुणा केल्या. वेल्डिंग घासून काढायचे, कॅरिअर कापून फेकायचे, हिरवा रंग उतरवून काळा चढवायचा, सोनेरी रेघा ओढायच्या, बगळ्याचे चिन्ह नव्याने लावायचे. खर्च ऐकून अम्मी उठून आत गेली. ती एवढेच म्हणाली, "उसको वैसाच रहने दो."

जाणकाराच्या मते सायकलीचे मूळ रूप म्हणजे जुलै 1952 चे. अम्मीच्या मते ते दादांच्या हयातीतले. दोघेही 'असल' हाच शब्द वापरतात. पहिल्या अर्थाने पाहिले तर आमच्या घराण्याने पन्नास वर्षे त्या सायकलीवर जे केले ती सगळी बिघाडाची यादी ठरते. खाणकामगाराने पोटासाठी मारलेले वेल्डिंग हा दोष, आणि साहेबाने संध्याकाळी मारलेला फेरफटका हा खरा इतिहास! हे आम्हाला मान्य होत नाही.

ग्रीक लोकांचे एक जुने कोडे आहे. प्लुटार्कने ते लिहून ठेवले. थीसियसच्या जहाजाच्या कुजलेल्या फळ्या अथेन्सवाले एकेक करून बदलत गेले. मग जहाज तेच की दुसरे? पुढे हॉब्जने त्यात भर घातली की काढलेल्या फळ्या जमवून कोणी दुसरे जहाज बांधले तर खरे कोणते? मुलांना हे कोडे फार आवडते. पण आम्हाला याहून जवळचे उदाहरण आठवते. सायकलीची तुलना काबाशी करण्याची गुस्ताखी आम्ही करीत नाही, फक्त विचाराची दिशा घेतो. काबाची इमारत अनेकदा नव्याने बांधली गेली. 683 च्या वेढ्यात ती जळाली, अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी वाढवून बांधली, दहा वर्षांनी हज्जाजने पुन्हा आधीच्या आकारात आणली. 1630 च्या पुरात भिंती ढासळल्यावर उस्मानी सुलतान मुराद चौथा याच्या काळात पुन्हा उभारणी झाली. दगड बदलले म्हणून कोणाची नमाज बदलली नाही. एका अब्बासी खलिफाला इमाम मालिक यांनी पुन्हा पाडून बांधण्यापासून परावृत्त केले, अशी रिवायत आहे. प्रत्येक बादशहाने आपल्या मर्जीने तोडफोड केली तर घराचा खेळ होईल, ही त्यांची चिंता होती. आणि हजरे अस्वदचे तुकडे आजही चांदीच्या चौकटीत धरलेले आहेत. तडा लपवण्याचा आटापिटा कोणी केला नाही.

इंग्लंडात 1877 मध्ये विल्यम मॉरिसने जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. तिचा रोख पाडणाऱ्यांवर नव्हता, 'पूर्ववत' करणाऱ्यांवर होता. खरवडून नवे केलेले चर्च जुने राहत नाही, असा तो युक्तिवाद.

शौकिनांना आम्ही नावे ठेवीत नाही. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी सायकलींचे संग्रहालय उभे केले, ते काम मोलाचेच आहे. कारखाने मिटतात. नॉटिंगहॅममधले रॅलेचे उत्पादन 2002 साली थांबले. अॅटलसचा साहिबाबादचा कारखाना 3 जून 2020 रोजी बंद पडला, नेमक्या जागतिक सायकल दिनी. कोणीतरी नमुना जपलाच पाहिजे. पण संग्रहालयाचा धर्म निराळा आणि घराचा निराळा.

खर्चाची बाजूही आहे, आणि आमच्या लेखी ती सर्वांत जड आहे. इसराफ, म्हणजे उधळपट्टी, आम्हाला मना आहे. त्या रकमेत दोन-तीन साध्या नव्या सायकली येतात. वर्गातल्या किती मुली पायी येतात हे आम्ही रोज पाहतो. सरकारी योजनेतून काहींना सायकल मिळते, सगळ्यांना नाही. मधला भाऊ म्हणतो, मग विका ही, शौकीन घेईल, पैशात सायकली वाटा. यावर आमच्याकडे पक्के उत्तर नाही. दादांची आठवण ही अमानत आहे हे खरे, पण अमानत सांभाळताना शेजारच्या मुलीची पायपीट डोळ्यांआड करायची, हेही गळी उतरत नाही. शेवटी ठरले ते असे, की नागपूरवाल्याने सांगितलेल्या रकमेतून निम्मे पैसे एका सायकलीसाठी शाळेकडे द्यायचे, उरलेल्यात हिला चालती करायची.

चालती करणे म्हणजे काय, तेही ठरवावे लागले. टायर, ट्यूब, ब्रेकची रबरे, छर्रे हे झिजण्यासाठीच असतात. ते बदलण्यात कसला संकोच नाही. रॅलेचे आटे इतर कंपन्यांहून बारीक असतात, तेव्हा खालच्या दांड्याची कटोरी जबरदस्तीने नवी ठोकायची नाही, जुनीच साफ करायची. गिअरला फक्त तेल. वेल्डिंगला हात नाही, कॅरिअरही राहील, हिरव्या रंगावर थोडे मेण. डायनेमोबाबत मिस्त्रीने एक गोष्ट सांगितली. तो उघडून आतले चुंबक लोखंडी कडे न लावता बाहेर काढले, तर त्याची ताकद उतरते आणि दिवा कायमचा मंद होतो. म्हणून डायनेमो बंदच ठेवला आहे. चाक हाताने जोरात फिरवले की बल्ब अजून पिवळा लागतो.

धाकट्याचे अजून पटलेले नाही. काळ्या रंगाचा डबा त्याने आणून ठेवलाच आहे, तो कोठीत आहे.