तारखेचा मालक

एका कार्यशाळेत वाटलेला छापील तक्ता माझ्याकडे अजून आहे. विषय होता आदिवासी गावांतले होम स्टे. खोल्या किती, संडास-न्हाणीघर आहे का, जेवण कसलं देणार, असे रकाने आणि सगळ्यात शेवटी एक रकाना : 'वर्षातले उपलब्ध दिवस'. प्रशिक्षकांनी सांगितलं, तिथं सरळ ३६५ लिहा. मागच्या रांगेतून नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीकडच्या एका माणसानं विचारलं, "होळीला पण?"

"होळीला तर दुप्पट दर लावा, दादा!"

"मग होळीला आम्ही कुठं राहायचं?"

सगळे हसले. प्रशिक्षकही हसले. मग चहा आला आणि विषय संडासाच्या अनुदानाकडे वळला.

तो माणूस विनोद करत नव्हता, असं मला तेव्हाही वाटलं आणि आता तर खात्री आहे. आदिवासींच्या मालकीची मुक्कामाची घरं या विषयावर सध्या जे बोललं जातं, लिहिलं जातं, ते सगळं त्याच्या प्रश्नाच्या अलीकडेच संपतं. खोल्या मोजून होतात, खाटा मोजून होतात, महिला बचत गटाला मिळणारं काम मोजून होतं. २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या धरती आबा अभियानात आदिवासी गावांत एक हजार होम स्टे उभे करायचे ठरले. एका गावात पाच ते दहा. दोन नव्या खोल्या बांधायला कुटुंबाला पाच लाखांपर्यंत, असलेल्या खोल्या सुधारायला तीन लाखांपर्यंत आणि गावाच्या सामायिक गरजांसाठी आणखी पाच लाख. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात, जिथं २०११ च्या जनगणनेप्रमाणे दहातली जवळपास सात माणसं अनुसूचित जमातींची आहेत, ही योजना वाईट आहे असं कोण म्हणेल? मी म्हणत नाही. पैसा यावा, लवकर यावा, मधल्यामध्ये न गळता यावा.

पर्यटनानं संस्कृती बाटते असा गळा काढणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. सातपुडा त्यांना कपाटात ठेवायचाय. सगळं बाजार ठरवेल म्हणणाऱ्यांनी उन्हाळ्यात धडगावला जाऊन आमचूर सुकवणाऱ्या बाईला तिच्या मालाचा भाव कोण ठरवतो ते विचारून यावं, मग बोलू.

माझा वाद तिसऱ्या पक्षाशी आहे, कारण ती माणसं माझी आहेत. त्यांना मी मालकीवादी म्हणतो. त्यांचं म्हणणं साधं आणि वरकरणी बिनतोड आहे : तोरणमाळला सरकारी निवास झाले, सारंगखेड्याच्या यात्रेत तंबूंची वसाहत उभी राहिली, पण त्यात आदिवासी माणूस वेटर किंवा नाचणारा. घर त्याचं, नाव त्याचं, गल्ला त्याचा झाला की हा प्रश्न सुटला. मीही काही वर्षं हेच बोलत होतो. टाळ्या मिळतात.

पण याच नंदुरबार जिल्ह्यात मालकी या शब्दाचं काय झालं ते आठवायला हवं. शहाद्याच्या आदिवासी जमीन-लढ्याची हकीकत मी इथं पुन्हा सांगत बसत नाही. अंबरसिंग सुरतवंतींचं नाव आणि १९७२ हे साल घेतलं तरी जाणत्यांना पुरे. एकच गोष्ट सांगतो. त्या लढ्यात उतरलेल्या कित्येकांची अवस्था अशी होती की कधी काळी जी जमीन त्यांच्या घरची होती, तिच्यावर ते सालदार म्हणून राबत होते. त्यानंतर कायदा कडक झाला. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला पाच वर्षांपर्यंत भाडेपट्ट्यानं द्यायची तरी जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी लागते आणि विकायची तर राज्य शासनाची पूर्वमान्यताही. कलम चांगलं आहे. ते आजही पातळ करण्याच्या गोष्टी निघतात, त्यांना माझा विरोध आहे. पण कलम सांभाळतं ते जमिनीला. जमिनीवर काय पिकवायचं, कधी पेरायचं, कुणाच्या बियाण्यानं पेरायचं, हे त्या कलमाच्या कक्षेत येत नाही. सातबारा आदिवासीचा आणि पीक सावकाराचं, हे गणित कायद्यानंतरही जमवणाऱ्यांनी जमवलंच.

होम स्टेला हेच लावून बघा. समजा, खोली बुध्याची, उतारा बुध्याच्या नावावर, पाटीवर बुध्याचं नाव. दर कोण ठरवतं? पुण्या-मुंबईतली सहल कंपनी. जेवणात काय असेल? तीच सांगते, उडदाची डाळ आणि भाकरी चालेल, तिखट कमी. आणि पाहुणे कधी येतील? इथं मालकीवादी गप्प होतात, कारण हा प्रश्न त्यांना प्रश्न वाटतच नाही. सुट्ट्या असतील तेव्हा येतील, आणखी कधी?

सुट्ट्या कुणाच्या?

शहरातला माणूस सातपुड्यात जास्त करून येतो तो दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत, थंडीत, आणि मग एकदम होळीला. आता गावाचं वर्ष पाहा. अक्कलकुवा-अक्राणीतली कितीतरी कुटुंबं पावसाळी पीक निघालं की गुजरातेत ऊसतोडीला जातात. लेकरं, कोंबड्या, भांडीकुंडी घेऊन जातात. म्हणजे पर्यटकांचा हंगाम नेमका घराला कुलूप असण्याचा हंगाम. हंगामभर घरी राहून पाहुण्यांची उठबस कोण करू शकतं? ज्याच्या घरात कुणी शिक्षक आहे, ग्रामसेवक आहे, ठेकेदारी आहे. आदिवासी मालकीच्या नावाखाली आपण गावातल्या कोणत्या चुलीजवळ पाच लाख नेऊन ठेवतो आहोत, हे मालकीवाद्यांनी एकदा हिशेब करून सांगावं. ज्याला दोन खोल्या बांधायची सर्वांत जास्त गरज, तो त्या खोल्या उघडायला गावात नसतोच.

आणि तो परततो कधी? होळीला. ऊस राहो, उचल फिटो न फिटो, सातपुड्यातला माणूस होळीला घरी येतो. त्याआधीच्या दिवसांत भोंगऱ्या बाजार भरतात. (भोंगऱ्याला 'जोडीदार निवडण्याचा बाजार' म्हणून दरवर्षी बातम्या छापणाऱ्यांना आदिवासी संघटनांनी किती वेळा सांगितलं की बाबांनो, तो होळीच्या खरेदीचा बाजार आहे, पण ज्या बातमीत लग्न नाही ती कोण वाचणार!) मग होळ्या. एकाच रात्री सगळीकडे नव्हेत. गावागावांच्या तारखा वेगवेगळ्या, म्हणजे या गावच्या माणसाला त्या गावच्या होळीला जाता यावं. काठी गावची राजवाडी होळी सगळ्यांत नावाजलेली. उंच बांबू उभा राहतो, रात्रभर ढोल आणि नाच चालतो, पहाटे होळी पेटते. मोरपिसांचे टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर पांढरे ठिपके. बावा, बुध्या, मोरख्या ही या वेशधाऱ्यांची नावं. कॅमेरे यांच्याभोवतीच जमतात.

पण ज्यानं तो वेश घेतला आहे तो नवसाला बांधलेला आहे. त्या दिवसांत तो जमिनीवर झोपतो, खाटेवर बसत नाही, ब्रह्मचर्य पाळतो, खाण्यापिण्याचे निर्बंध पाळतो. वेश हा त्या पाळणुकीचा बाहेर दिसणारा भाग. आता तक्त्यातला '३६५' पुन्हा वाचा. ज्या रात्री घरातला कर्ता खाटेवर बसत नाही, त्या रात्री त्याच्या घरातल्या खाटेवर आपण दुप्पट दरानं माणूस झोपवणार. पावती त्याच्याच नावाची. मालकी शंभर टक्के.

इतकं बोलल्यावर मालकीवादी मित्र म्हणतात, "अहो, मालक आहे ना तो? त्याला नको असेल तर बंद ठेवेल." हा त्यांचा शेवटचा गड, आणि मला राग येतो तो याचाच. बंद कसं ठेवेल? बुकिंगच्या ॲपवर यजमानानं आयत्या वेळी आरक्षण रद्द केलं तर दंड बसतो आणि मानांकन घसरतं. सहल कंपनीनं हंगामाची उचल दिली असेल तर ऊसतोडीच्या मुकादमाची उचल आणि ही उचल यांत फरक काय? गावात मयत झाली, कुणाच्या अंगात देवी आली, पंचांनी पुढची तारीख धरली, हे रद्द करण्याचं 'वैध कारण' म्हणून कुठल्या यादीत सापडेल? उघडं ठेवण्याचा अधिकार सगळेच देतात. बंद ठेवण्याची किंमत ज्याला मोजावी लागत नाही, तो मालक. बाकीचे राखणदार.

शिवाय, आणि हे मला उशिरा कळलं, ती तारीख मुळात त्या एका माणसाची नाहीच. सातपुड्यातल्या गावांची दिवाळीही पंचांगाला विचारत नाही. गावदिवाळी कधी ते गाव ठरवतं. जाणती माणसं बसतात, शेजारच्या गावांशी जुळवून घेतात. खोली माझी असू शकते, तारीख आमची असते. म्हणून मला खोलीची मालकी आणि तारखेची मालकी या दोन निराळ्या गोष्टी मानाव्या लागतात. पहिली सातबाऱ्यावर चढते, कर्जाला तारण राहते, भावाभावांत वाटली जाते. दुसरी कुठेच चढत नाही. ती फक्त पाळली जाते किंवा मोडली जाते.

हा भेद मी सातपुड्यापुरताच ताणतो आहे असं वाटत असेल तर ऑस्ट्रेलियातल्या उलुरूकडे पाहावं. वाळवंटातला तो प्रचंड लाल खडक अनंगू लोकांना परत देण्यात आला २६ ऑक्टोबर १९८५ रोजी. समारंभ झाला, कागद झाले, मालकी पक्की झाली. आणि त्याच व्यवहारात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं तो राष्ट्रीय उद्यानाला चालवायलाही द्यावा लागला. अनंगू सांगत राहिले की यावर चढू नका, ही वाट आमच्या विधीची आहे. लोक चढत राहिले. चढाई कायमची बंद झाली २६ ऑक्टोबर २०१९ ला. दिवस तोच, मधे ३४ वर्षं. खडकाचे मालक असून 'नाही' म्हणायला त्यांना एक अख्खी पिढी थांबावं लागलं. माझ्या मालकीवादी मित्रांना मी ही दोन सालं शेजारी-शेजारी लिहून दाखवतो. ते म्हणतात, शेवटी झालं ना बंद?

एक मान्य करतो. मालकीशिवाय तारीख राखता येत नाही. पनामातल्या गुना लोकांनी १९९६ साली आपल्या बेटांवरच्या पर्यटनाचे नियम स्वतःच केले आणि मुक्कामाची ठिकाणं फक्त गुनांचीच असतील असं ठरवलं. तो नियम नसता तर पुढचं काही बोलायची सोयच उरली नसती. पण तिथंही नियम केला तो त्यांच्या महासभेनं, सुट्या सुट्या घरमालकांनी नाही, याकडे आपले लोक दुर्लक्ष करतात.

वारली चित्रांचं उदाहरण कुणी तरी काढेलच, म्हणून आधीच सांगतो. लग्नाचा चौक लिहायच्या त्या बाया, घराच्या भिंतीवर, लग्नाच्या वेळी. सत्तरच्या दशकात चित्र कागदावर उतरलं, जिव्या सोमा मशे यांच्या हातून जगभर गेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यात काही बिघडलं असं मी म्हणणार नाही. चित्राला तारखेपासून सोडवता आलं. कागदावरचा चौक श्रावणातही काढता येतो, त्यानं कुणाचं लग्न लागत नाही. घर असं सोडवता येत नाही. त्यात माणसं त्याच वेळी राहत असतात.

आपल्याकडे गुनांच्या महासभेचं काम करू शकेल अशी जागा कायद्यात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जपायला सक्षम मानलं आहे. हे वाक्य गौणखनिजाच्या आणि तेंदूपानाच्या वादात सगळे उद्धृत करतात, पाहुण्यांच्या बाबतीत कुणाला आठवत नाही. गावाच्या सामायिक गरजांसाठी जे पाच लाख आहेत, त्यांतून रस्त्याकडेची कमान आणि सेल्फी पॉइंट होण्याआधी ग्रामसभेनं एक कागद करावा : या गावात मुक्काम कधी मिळणार नाही. सगळ्या तारखा आधी सांगता येणार नाहीत, तर 'गाव कळवेल तेव्हा' असं लिहावं. कंपनीच्या करारात, ॲपच्या नोंदणीत, बँकेच्या हप्त्यांच्या वेळापत्रकात तो कागद जोडला जावा. बँक कुरकुर करेल. करू दे. ऊसतोडीचा हंगाम साखर कारखान्याला कळतो, तर होळी बँकेला का कळू नये?

असा कागद वेळेत होऊ शकतो तो अजून नाव न झालेल्या गावात. नंदुरबार तालुक्यातल्या कोरीट गावाचं नाव मी पाहिलेल्या कुठल्याही प्रेक्षणीय स्थळांच्या यादीत नाही. 'पर्यटनक्षमता असलेली गावं' असा शब्द योजनेत असतो, त्या चाळणीतून कोरीट पहिल्या झटक्यात खाली पडेल. काठीला किंवा तोरणमाळला हे सगळं आता उशिरा होईल, तिथं लोक आधीच तारखा मागायला लागलेत. कोरीटमध्ये अजून कुणी तारीख मागायला आलेलं नाही. तिथं कागद आधी आणि वीट नंतर, हा क्रम अजून शक्य आहे. एक सभा, एक ठराव, वर्षातले आठ-पंधरा-वीस जे काय ठरतील ते दिवस. मग खोल्या दोन होवोत नाही तर एकही न होवो.

त्या अक्राणीकडच्या माणसानं आपला तक्ता भरून दिला की नाही, मी पाहिलं नाही. माझ्याकडच्या तक्त्यात तो शेवटचा रकाना कोराच आहे.