काचेतलं पाणी

नाशिकरोडला, जेलरोडवर मामांचं घर आहे. गच्चीवरून रूळ दिसत नाहीत, पण गाडी ऐकू येते, आणि मालगाडी भरलेली आहे की रिकामी हे मामा नुसत्या आवाजावरून सांगतात. वय त्र्याऐंशी. भुसावळच्या शेडमध्ये क्लीनर म्हणून चिकटले, मग फायरमन झाले. साठच्या दशकाअखेर इगतपुरी-भुसावळ मार्गावर तारा आल्या आणि हातातलं फावडं सुटलं. पुढची सगळी नोकरी विजेच्या इंजिनांवर झाली. ती त्यांच्या बोलण्यात फारशी येत नाही.

त्या संध्याकाळी मी त्यांच्यापुढे एका इंजिनाचा फोटो ठेवला. त्यांनी चष्मा न लावताच चाकं मोजली.

"पुढे दोन, मग आठ, मागे काही नाही. आमचं नाही हे. आमच्या डब्ल्यूजीला मागेही दोन असायची."

"अमेरिकन आहे, मामा. एस-१६०. १९४२ मध्ये अमेरिकी लष्करासाठी आराखडा झाला. आल्को, बाल्डविन आणि लिमा या तीन कारखान्यांनी मिळून दोन हजारांवर बांधली. त्यातली साठ आपल्या ब्रॉडगेजची करून भारतात आणली. इथे त्यांना एडब्ल्यूसी म्हणत."

"बरं. मग?"

"मला याचं मॉडेल हवंय."

मामांनी चहाचा कप खाली ठेवला. "पुण्याला कोथरूडमध्ये जोश्यांचं छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे ना? जा, पोटभर बघून ये."

"तिथेच तर हा रोग लागला."

"हा रोग आपल्याकडचाच आहे. बोटीची वाट बघत देवळालीच्या छावणीत पडलेल्या गोऱ्या सोजिरांची डोकी फिरायची, त्यावरून इंग्रजीत डूलाली शब्द झाला. तू बोट नसताना वाट बघतोयस. घे की विकत, अडवलंय कोणी?"

मी अडचण सांगितली. परदेशात मिळतं ते मूळ मापाचं मॉडेल. छंदवाल्यांचं सगळ्यात चालतं प्रमाण एकास सत्त्याऐंशी. तिकडच्या रुळांमधलं अंतर १४३५ मिलिमीटर, ते त्या प्रमाणात साडेसोळा मिलिमीटर होतं. आपलं ब्रॉडगेज १६७६. त्याचे सव्वाएकोणीस व्हायला हवेत. म्हणजे तयार मॉडेल आणून, काळा रंग मारून, टेंडरवर भारतीय नंबर घातला, तरी पायात पावणेतीन मिलिमीटर कमी. ते बाजारातल्या कुठल्याही रुळावर पळेल, पण एडब्ल्यूसी असणार नाही. उलट पितळ कापून सव्वाएकोणीसचं स्वतः बांधलं, तर ते खरं असेल, पण रूळही मलाच बांधावे लागतील आणि माझ्या टेबलाबाहेर ते कुठेच चालणार नाही.

"पावणेतीन मिलिमीटर कोणाला दिसणार आहेत?"

"मला."

मामा हसले. "अरे, आपण कुठल्या गावात बसलोय? इथून हाकेच्या अंतरावर नोटा छापतात. या गावात नक्कल हा शब्द जपून वापरावा. मनोरंजन बँकेची खेळण्यातली नोट पोरं बाजारात घेऊन फिरतात, त्यांना पोलीस धरत नाही. ती कोणाला फसवतच नाही. खरी नोट खरीच असते. गुन्हा कुठली नोट करते? जी जवळजवळ खरी असते ती."

"म्हणजे रंग मारलेलं इंजिन ही खोटी नोट?"

"तूच ठरव. काडेपेटीची रेलगाडी कर, मी टाळ्या वाजवीन. जवळजवळ खरं केलंस, तर कुठं पटणार नाही ते बघत बसेन."

"मामा, मग फोटोही जवळजवळ खरा असतो. तुमच्या आठवणीही तशाच. आज तुम्ही मला भुसावळची शेड सांगता ती काही भुसावळची शेड नव्हे. सगळ्याच खोट्या नोटा म्हणायच्या का?"

याला त्यांनी लगेच उत्तर दिलं नाही. फोटोचा कागद उचलून इंजिनाच्या मागच्या अंगाकडे बघत राहिले, जिथे ड्रायव्हर आणि फायरमन उभे राहतात.

"याची गेज ग्लास कशी होती?"

त्यांनी नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं होतं. बॉयलरमध्ये पाणी किती आहे ते आत वाकून बघता येत नाही. बाहेर काचेची उभी नळी असते, वरून वाफेला जोडलेली, खालून पाण्याला. आत जितकं पाणी तितकं काचेत दिसतं. या अमेरिकी इंजिनांवर वरची झडप पिळाची होती. ती पुरती उघडलेली नसली तरी बघून ते कळत नसे. मग नळीतली वाफ थंड होई, पाणी वर ओढलं जाई, आणि काच भरलेली दिसे. ब्रिटनमध्ये १९४४ पासून पुढच्या काही महिन्यांत अशा इंजिनांचे बॉयलर फुटले. काचेत पाणी होतं, भट्टीच्या छतावर नव्हतं.

मी हे सांगितलं तेव्हा मामांनी मान हलवली, एखाद्या जुन्या माणसाची खोड ऐकल्यासारखी.

"आमच्याकडे लेड प्लग असायचा. पाणी उतरलं की भट्टीच्या छतातलं शिसं वितळायचं आणि वाफ आगीत घुसायची. माणसं वाचायची, पण शेडमध्ये तोंड दाखवायची लाज वाटायची. ती लाज काचेच्या भरवशावर राहिल्याची. आता तुझं उत्तर ऐक. फुटलेली काच बरी. फुटली हे कळतं तरी. भरलेली दिसणारी काच वाईट. मॉडेलचं तेच आहे. जितकं हुबेहूब, तितका बघणारा निर्धास्त. त्याला वाटतं, लढाईतली रेल्वे आपण बघितली."

"आणि काय राहिलं बघायचं?"

"मी जन्मलो त्याच्या पुढच्या वर्षी बंगालमध्ये माणसं भुकेनं मेली. किती म्हणतात रे?"

"१५ लाखांपासून ३० लाखांपर्यंत अंदाज आहेत."

"तुझी साठ इंजिनं त्याच लढाईसाठी आली. तुझ्या टेबलावर ती भूक कुठे असेल?"

"इंजिनाचा काय दोष, मामा? ते लोखंड आहे. त्यानं धान्यही ओढलं असेल."

"इंजिनाचा दोष नाहीच. म्हणून तर इंजिनाच्या मॉडेलमध्ये तो दिसायचा नाही. दोष कुठे असतो सांगू? वेळापत्रकात. सिग्नल कोणासाठी पडतो आणि बाजूच्या लूप लाइनला कोण उभं राहतं, त्यात. मिलिटरी स्पेशल निघाली की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. दारूगोळा पुढे, ज्वारी मागे. हा निर्णय कुठल्याही चाकावर कोरलेला नसतो. फार तर कंट्रोलरूममधल्या कागदावर असतो, आणि तो कागद रद्दीत जातो. इंजिन मात्र म्युझियमला जातं."

रेवाडीच्या शेडमध्ये जपलेलं 'विराट' मला आठवलं. बाल्डविनचं, १९४३ चं, त्याच घाईतलं. चकचकीत. त्याच्यासमोर उभं राहून मी फोटो काढला होता, आणि मनात फक्त त्याची उंची भरली होती.

"नावांचंही असंच," मी म्हणालो. "तुमच्या डब्ल्यूजीच्या चाकरचनेला मिकाडो म्हणतात. अमेरिकेत बाल्डविननं जपानसाठी तशी इंजिनं बांधली, म्हणून जपानच्या सम्राटाचं नाव पडलं. जपानशी लढाई सुरू झाली आणि तिकडे त्याच इंजिनांना मॅकआर्थर म्हणू लागले."

"बघ. चाक तेच, राजा बदलला." मामांना हे फार आवडलं. मग ते गंभीर झाले. "पण तू मघाशी जे विचारलंस, आठवणींचं, ते सोडून देता येणार नाही. माझी आठवण खोटी नोट आहे का? सांगतो. ड्यूटीवर चढलं की फायरमननं पहिलं काम काय करायचं? काच बघायची नाही. काच फुंकायची. खालचा कॉक उघडायचा, काचेतलं सगळं पाणी सोडून द्यायचं, आणि बंद करून बघायचं की पाणी उसळून परत येतंय का. झटकन आलं, नाचत आलं, तर काच खरी. आळसावून चढलं तर कुठेतरी अडलंय. चालत्या गाडीतही अधूनमधून करायचं. आठवणीचं तेच. तू प्रश्न विचारतोस, मी रिकामा होतो, पुन्हा भरतो. कोणी विचारेनासं झालं, की म्हाताऱ्याच्या गोष्टी भरलेल्याच दिसतात."

खाली कुकरची शिट्टी झाली. दोघेही जरा वेळ गप्प बसलो.

"मग मॉडेल फुंकता येईल का?" मी विचारलं. "एकास सत्त्याऐंशीत ती काच केसाएवढी असेल."

"काच नाही. सगळं टेबलच."

मी कागद उलटा केला आणि मागे रेघा ओढू लागलो. घाटात १९३० पासूनच वीज होती, तेव्हा घाट वगळला. घाट चढून आल्यावर जिथे वाफेची इंजिनं लागत, त्या सपाटीवरचं एक छोटं स्टेशन. एक मेन लाइन, एक लूप. मेनवरून एडब्ल्यूसी येईल, ताडपत्री टाकलेल्या उघड्या वाघिणी ओढत. लूपला दुसरी मालगाडी उभी असेल. बंद वाघिणी, त्यांच्या दारांवर खडूचे आकडे. ती हलणार नाही.

"किती वेळ?"

"पूर्ण वेळ. बघणारा आला की स्पेशल फिरेल, पुन्हा फिरेल. ही उभीच. कधीतरी कोणीतरी विचारेल, ही का उभी आहे, बिघडली का?"

"आणि नाही विचारलं तर?"

"तर काच अडलेली आहे असं समजायचं."

मामांनी कागद आपल्याकडे ओढून घेतला. "रूळ?"

"सव्वाएकोणीस. हातानं. तयार इंजिन घेत नाही." हे माझ्या तोंडून निघालं तेव्हा निर्णय झाल्याचं मलाच कळलं. रंग मारलेलं इंजिन बाहेरच्या रुळांवर मिरवता आलं असतं, आणि ते मिरवणंच नको होतं. "दोन वर्षं जातील."

"जाऊ देत. लढाईत हे इंजिन घाईनं बांधलं. तू तरी नको बांधूस. स्टेशनचं नाव काय लिहिणार? अस्वली? लहवीत?"

"नाव नाही. पाटी कोरी. अस्वली लिहिलं की साक्षीदार लागेल, हे इंजिन इथे बघितलं म्हणणारा."

"मनोरंजन बँक," मामा म्हणाले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता. "पाटीपुरती."

मग त्यांनी पेन मागितलं. लूपच्या टोकाला मी सिग्नलची दांडी काढली होती, ती त्यांनी खोडून थोडी मागे घेतली. "इथे ठेवलीस तर उभ्या गाडीच्या फायरमनला दिसणारच नाही. त्याला दिसली पाहिजे. तो तिच्याकडेच बघत उभा असतो." लूपच्या इंजिनाच्या जागी त्यांनी एक टिंब काढलं, आणि त्याला टेकून, फावड्यासारखी, एक रेघ.

बाहेर गाडीचा आवाज आला. लांबून, जड, मग हळूहळू मंदावत. ब्रेक लागले, वाघिणी एकमेकींवर खणखणत गेल्या, आणि सगळं थांबलं. मी बोलायला तोंड उघडलं तर मामांनी हात वर केला.

"भरलेली," ते म्हणाले. मग बराच वेळ कान देऊन बसले. दुसऱ्या गाडीचा आवाज येईपर्यंत.