उतारशाळेच्या रखवालदाराचे दोन दिनार



दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक 10:25-37) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यातील याजक, लेवी आणि शोमरोनी आपल्या लक्षात राहतात. उतारशाळेचा रखवालदार मात्र आपण विसरतो. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने गेला. पुढे त्या जखमी माणसाची काळजी रखवालदारानेच घ्यायची होती. शोमरोन्याने त्याला फुकट राबवले नाही. दोन दिनार हातावर ठेवले आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देण्याचा शब्द दिला.

आपल्या बीड जिल्ह्यात हा रखवालदार कोण? गावातली आशाताई! 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हापासून साधारण हजार लोकवस्तीमागे एक आशा ही पद्धत आली. गरोदर माता, बाळाची लस, क्षयरोग्याच्या गोळ्या, सगळ्यांची नोंद तिच्या वहीत असते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या निघाल्या की त्या वहीतील नावे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात पांगतात. 2019 साली आपल्या ऊसतोड भगिनींच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांच्या चौकशीसाठी राज्य सरकारला समिती नेमावी लागली. वेळेवर खरा सल्ला देणारे माणूस जवळ असणे किती गरजेचे आहे, हे आपल्याला त्यातून कळले पाहिजे.

कोविडच्या काळात हीच आशाताई दारोदार फिरली. मे 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. तरीही शासनदरबारी ती 'स्वयंसेविका'च आहे. म्हणूनच ऑक्टोबर 2023 मध्ये आणि पुन्हा जानेवारी 2024 मध्ये राज्यातील आशांना मानधनासाठी संप करावा लागला.

"सेवाच आहे, मग पैसे कशाला?" असे आपल्यापैकी काही जण म्हणतात. सेवा हा पवित्र शब्द आहे. पण दुसऱ्याचे देणे बुडवण्यासाठी तो वापरला, तर आपण त्याचा अपमान करतो. ज्याचे जे देणे आहे ते त्याला देणे म्हणजे न्याय, असे संत थॉमस अक्वायनस शिकवतात. पोप लिओ तेरावे यांनीही 1891 साली कामगारांच्या न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. न्याय हा दयेचा पाया आहे. पाया न घालता बांधलेली भिंत टिकत नाही.

मग आपण काय करावे? ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी माता-बाल कार्ड सोबत न्यावे आणि आपला फोन नंबर आशाताईकडे द्यावा. ती दारात आली तर तिला बसायला सांगावे, पाणी द्यावे, खरी माहिती द्यावी. आणि ती हक्कासाठी उभी राहिली तर तिला नावे ठेवू नयेत. आपल्या विश्वासूंच्या प्रार्थनांत आशाताई, परिचारिका, डॉक्टर व रुग्णवाहिकेचे चालक यांची आठवण करू या.

जखमी माणसाची काळजी वाहणाऱ्यांचीही काळजी घेण्याची सद्बुद्धी प्रभू आपल्या सर्वांना देवो. आमेन.