सोडलेला मासा

पिसांची खोटी माशी गळाला बांधून वाहत्या पाण्यात ट्राउट खेळविण्याचा छंद इंग्रजांनी आपल्या देशात आणला, आणि 1900 च्या सुमारास त्यासाठी तो मासाही काश्मीरच्या थंड ओढ्यांत आणून सोडला. आम्हां इंदूरकरांच्या नर्मदेचे पाणी ट्राउटला मानवणारे नाही. येथला मानकरी महाशीर. काठावरचे लोक त्यास बाडस म्हणतात.

या छंदाचा आजचा दंडक असा, की मासा पकडावा आणि जिवंत सोडावा. यास दया म्हणावे काय? कोळी मासा मारतो तो पोटासाठी. हौशी गळकरी त्याला करमणुकीसाठी दमवितो आणि वर जीवदान दिल्याचे समाधान घरी नेतो! ज्याने अपराधच केला नाही त्याला क्षमा करण्यापैकीच हे झाले. तथापि सोडलेला मासा पुष्कळदा जगतो, त्याची वीण पुढे चालते, हेही नाकारता येत नाही.

आम्हांस अधिक मोलाचा वाटतो तो आधीच पाळलेला संयम. महाडजवळच्या वाळणकोंडातले मासे देवीचे म्हणून कोणी धरीत नाही. मध्य प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट नद्यांतील मासेमारी बंद असते, कारण पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ. येथे माशाला आधी दुखवून मग दया करावी लागत नाही.

परंतु गळकऱ्याला दोष देऊन आम्ही मोकळे होतो काय? महाशीरास खळाळते पाणी आणि गोट्यांचा तळ हवा. इंदिरासागर व ओंकारेश्वर धरणांनी नर्मदेचे लांबच लांब पात्र निश्चल केले. 2011 साली राज्याने महाशीरास राजमत्स्याचा मान दिला. पण मानाने प्रवाह परत येत नाही. आमच्या परदेशीपुऱ्यात, गिरणी कामगारांच्या या जुन्या वस्तीत, नर्मदेचे पाणी नळाने येते. 1978 साली ते जलूदहून प्रथम इंदुरास पोहोचले. ते पाणी आणि धरणाची वीज आम्ही निःशंक मनाने वापरतो. ज्याने जन्मात गळ हाती धरला नाही, त्याचाही या माशाच्या हालात वाटा आहे.

लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 च्या दशकापासून महाशीरची पिल्ले वाढविली. ज्याने पाण्यापासून घेतले त्याने पाण्याला काही परत द्यावे, हा व्यवहार आम्हांस पटतो. मात्र पिल्लांना वाहती नदीच उरली नाही, तर ती सोडावयाची कोठे? म्हणून धरणांतून विणीच्या दिवसांत पुरेसे पाणी वाहू द्यावे आणि उपनद्यांचे वरचे प्रवाह अडवू नयेत, एवढे तरी नळाखाली घागर लावणाऱ्या आम्ही मागितले पाहिजे.